घरातले गाणे : तबकडीपासून मेमरी कार्डापर्यंत



घरात गाणी वाजवायला कोणते यंत्र घ्यावे, असा प्रश्न अलीकडे गावोगाव विचारला जातो. मोबाईलच्या कार्डात हजारभर गाणी असतात, पेन ड्राइव्हमध्ये भजनी मंडळाचे कार्यक्रम असतात, माळ्यावर जुन्या कॅसेटी पडलेल्या असतात. हे सगळे एके ठिकाणी आणावे आणि संध्याकाळी घरच्या मंडळींनी बैठकीत बसून ऐकावे, अशी इच्छा असते. दुकानात गेले की दुकानदार पहिल्याप्रथम विचारतो, "बजेट किती?" माझे म्हणणे असे की, तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न निराळाच आहे. आपल्याजवळ ऐकण्यासारखे काय आहे, आणि ते किती वर्षे टिकावे असे आपल्याला वाटते? याचे उत्तर मिळाले म्हणजे यंत्राची निवड फारशी अवघड राहत नाही. आज हे मी इतिहासाच्या आधाराने सांगणार आहे. आणि त्यातला सुरुवातीचा धडा तर आपल्या वाशीम जिल्ह्यातलाच आहे.

वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेने येथे राजधानी केली. त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. हा राजा होता तसा कवीही होता. त्याने प्राकृत भाषेत 'हरिविजय' नावाचे काव्य रचले. ते इतके नावाजलेले होते की, पुढे काश्मीरच्या आनंदवर्धनाने आपल्या 'ध्वन्यालोक' ग्रंथात त्याचा उल्लेख केला. पण आज ते काव्य संपूर्ण आपल्या हाती नाही. अलंकारशास्त्राच्या ग्रंथकारांनी उदाहरणादाखल घेतलेली पद्ये तेवढी उरली आहेत. याच राजाचा मुलगा विंध्यशक्ती. त्याचे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र मात्र १९३९ साली वाशीमला सापडले. बापाचे काव्य हरवले, मुलाचे दानपत्र राहिले. तांबे टिकाऊ, म्हणून ते राहिले, असे आपण सहज म्हणू. पण लगेच तसा निकाल देऊ नका.

वाशीमहून आता कारंजाला चला. कारंजाच्या जैन भांडारांत कागदावर लिहिलेल्या जुन्या पोथ्या होत्या. कागद म्हणजे काय, पाण्याने भिजणारा, वाळवीने खाल्ला जाणारा. तरीसुद्धा दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश भाषेतली काव्ये या भांडारांमुळे आपल्याला मिळाली. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी 'जसहरचरिउ' १९३१ साली आणि हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' १९३३ साली संपादून प्रसिद्ध केले, ते कारंजाच्याच ग्रंथमालेत. हजार वर्षांपूर्वीची रचना कागदावर राहिली ती कशी? तर जैन समाजात शास्त्रदानाची चाल होती. पोथीची नक्कल करवून घ्यायची आणि ती मंदिराला किंवा मुनींना द्यायची, यात पुण्य मानीत. त्यामुळे एका पोथीच्या अनेक पोथ्या झाल्या, आणि त्या अनेक गावी गेल्या. एक गाव जळाले तर दुसऱ्या गावची प्रत राही. म्हणजे टिकवणारी गोष्ट तांबे नव्हे आणि कागदही नव्हे. टिकवणारी गोष्ट ती नक्कल आणि ते दुसरे घर. हा धडा मनात ठेवून आता गाण्याकडे वळू.

आपल्या देशात गाणे तबकडीवर उतरले ते १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गायसबर्ग नावाचा गृहस्थ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान या विख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. तेव्हा तबकड्या आपल्याकडे तयार होत नसत. मुद्रण येथे व्हायचे आणि छाप जर्मनीतल्या हानोफर शहरी पडायचे. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कोणाचे, हे कसे कळावे? म्हणून गाण्याच्या शेवटी गौहर जान स्वतःचे नाव मोठ्याने सांगे. आज ती तबकडी ऐकताना कोणी हसतो. पण त्या एका वाक्यामुळे शंभराहून अधिक वर्षांनी गाणारीचे नाव गाण्याला चिकटून राहिले आहे. याचा उपयोग आपल्याला पुढे व्हायचा आहे. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तबकड्या देशात तयार होऊ लागल्या.

ती तबकडी लाखेची असे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख करतात, तीच ही लाख. मिनिटाला ७८ फेरे, आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. चावी द्यायची, सुई ठेवायची, कर्ण्यातून आवाज यायचा. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे असे घरात आले. पण कोणाच्या घरात? वाड्यात, वकिलाकडे, फार तर एखाद्या व्यापाऱ्याकडे. बाकीच्यांनी ओट्याखाली उभे राहून ऐकायचे.

मग आला रेडिओ. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. खेड्यात मग सार्वजनिक रेडिओ आला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या केंद्राने मराठी भाषेच्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवून पाहिली. लोक एकत्र जमून भाषण ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. त्याच्या आदल्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झाले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक, अशी ५६ गाणी. ठरलेल्या वेळी लोक कामे आटोपून रेडिओपुढे बसत, रेडिओला हार घालीत.

रेडिओने गाणे गरिबाच्या घरी आणले, हे त्याचे मोठे उपकार. परंतु गाणे कोणते लावायचे हे ठरवणार केंद्र. १९५२ पासून केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ बंदी झाली, तेव्हा लोकांनी बटण फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७च्या ऑक्टोबरात 'विविधभारती' काढावी लागली. यावरून एक गोष्ट दिसते. ऐकणाऱ्याला निवड हवी असते. ती मिळाली नाही तर तो दुसरीकडून मिळवतो.

ती निवड घरात आली कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. आपल्या खेड्यांत ती पसरली १९८०च्या पुढे. कॅसेट स्वस्त होती, हे खरे. पण तिचा मोठेपणा स्वस्ताईत नाही. तबकडी आणि रेडिओ यांच्यापुढे आपण नुसते ऐकणारे होतो. टेपला मात्र लाल बटण होते. ते दाबले की घरचाच आवाज मुद्रित होई. गावातले भजन, सप्ताहातले कीर्तन, तांड्यावरची लेंगी, आजीच्या ओव्या, हे सगळे पहिल्यांदा साठवता आले. माझ्या मते आपल्या घरोघरच्या गाण्याच्या इतिहासातला हाच खरा वळणाचा दगड.

येथे मी घरचीच एक गोष्ट सांगतो. माझी आत्या जात्यावर बसली की ओव्या म्हणे. १९८८ साली माझ्या एका शिक्षक मित्राने टेप आणला आणि साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून घेतल्या. आत्या आधी लाजली. मग म्हणाली, "काहून रे बाप्पा, डब्बा ऐकते का आता माह्यं?" पुढे ती गेली. कॅसेट आम्ही दिवाळीला ऐकत असू. २०११च्या सुमारास एका दुकानात ती कॅसेट मेमरी कार्डावर उतरवून घेतली. कार्ड नखाएवढे, आवाज स्वच्छ. आम्हांला वाटले, आता काळजी मिटली. कॅसेट पोरांच्या हाती पडली आणि तिची फीत अंगणभर झाली. चार वर्षांनी मोबाईल बंद पडला. दुरुस्त करणाऱ्याने तो पुसून चालू करून दिला, आणि त्याबरोबर कार्डही पुसले गेले. त्याला दोष देत नाही. त्याला काय ठाऊक, आत काय होते ते!

सुदैवाने कारंजाला दिलेल्या माझ्या पुतणीने तिच्या सासूबाईंना ऐकवायला म्हणून एका बाजूच्या ओव्या पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या. त्या राहिल्या. साठातली तीस मिनिटे राहिली. तीसुद्धा मधूनच सुरू होतात. परवा नातीने विचारले, "आजोबा, हे कोण गाते?" आवाजात नाव नव्हते, म्हणून मला सांगावे लागले. उद्या मी नसेन तेव्हा कोण सांगणार? गौहर जानने सांगितलेले नाव मला त्या दिवशी आठवले. आणि कारंजाच्या पोथ्याही आठवल्या. नक्कल झाली होती ती राहिली. दुसऱ्या घरी गेली होती ती राहिली.

आता कार्डातले गाणे म्हणजे असते तरी काय, ते पाहू. पैनगंगेला पूर आला की खुणेच्या खांबावर पाण्याची उंची पाहून कोणी दर तासाला वहीत आकडा लिहितो. ती वही पाहून पुराचा चढउतार पुन्हा काढता येतो. आवाज म्हणजे हवेतला असाच चढउतार. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत त्याची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहिलेली असते. कॅसेटची नक्कल केली की आवाज थोडा मळतो, नकलेची नक्कल आणखी मळते. आकड्यांचे तसे नाही. आकडे जसेच्या तसे उतरले की शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. शास्त्रदान करणाऱ्या लेखनिकाला हे ऐकून किती नवल वाटले असते!

पण इतके आकडे ठेवायला जागा फार लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबूज आपल्याला ऐकू येत नाही. मग ती लिहायची तरी कशाला? कानाला न कळणारा असा भाग गाळून आवाज लहान करायचा, ही एमपी३ची युक्ती. हे नाव फायलींना १९९५ साली मिळाले. सीडीच्या प्रतीचे एक मिनिट सुमारे १० एमबी होते. साध्या एमपी३चे एक मिनिट १ एमबीच्या आसपास. म्हणून नखाएवढ्या कार्डात हजारो गाणी मावतात. मात्र गाळलेले पुन्हा येत नाही, हे लक्षात ठेवा. २००१ साली निघालेला फ्लॅक नावाचा प्रकार काहीच गाळत नाही आणि तरी सीडीच्या निम्म्याच्या आसपास जागेत बसतो. तेव्हा बाजारातली चित्रपटगीते एमपी३मध्ये राहिली तर बिघडत नाही. आईच्या, आत्याच्या आवाजाची मूळ प्रत मात्र न गाळलेलीच ठेवावी.

आता यंत्राकडे येऊ. आकड्यांतली गाणी वाजवणाऱ्या घरच्या यंत्राला चार अंगे असतात : साठा, वाचणारे, आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. आपण पैसे देतो ते डब्याला. पण साठा हे अंग डब्यापेक्षा मोलाचे. म्हणून पहिला नियम असा की, साठा यंत्राच्या पोटात एकटा ठेवू नये. यंत्र बिघडेल, बदलेल, जुने होईल. साठा वेगळा असेल तर तो नव्या यंत्राला लावता येतो.

दुसरा नियम : दुकानात जाताना आपलीच पेन ड्राइव्ह न्यावी. दुकानदाराच्या गाण्यावर यंत्र छानच वाजते. आपल्या फायली ते वाचते का, फ्लॅक वाचते का, देवनागरीतली नावे दाखवते की नुसते चौकोन, हे तिथेच पाहावे. कितीतरी स्वस्त यंत्रे एमपी३खेरीज दुसरे काही वाचत नाहीत. मोठ्या पेन ड्राइव्हवरही काही यंत्रे अडतात. फायलींना ०१, ०२ असे अनुक्रमांक दिले तर कीर्तनाचा उत्तररंग पूर्वरंगाच्या आधी वाजत नाही.

तिसरा नियम स्पीकरचा. खोक्यावर हजारो वॅट छापलेले असतात आणि जवळ बारीक अक्षरात पीएमपीओ लिहिलेले असते. तो आकडा सोडून द्या. आरएमएस म्हणून जो आकडा असतो तो विचारा. लहान बैठकीला तेवढे थोडेसेच वॅट पुरतात. पैसे वाढवायचे तर दिव्यांच्या लखलखाटासाठी नव्हे, चांगल्या स्पीकरसाठी वाढवा. स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर ठेवला की नुसते घुमते आणि शब्द बुडतात. बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा, भिंतीपासून थोडा पुढे ठेवून पाहा. टिनाच्या छताखाली आणि उघड्या फरशीवर आवाज फार आदळतो. एक सतरंजी अंथरली तरी फरक कळतो.

चौथा नियम विजेचा. भारनियमनाचे दिवस आपण विसरलेलो नाही. जिथे वीज खेळ करते तिथे बॅटरीवर चालणारे यंत्र, किंवा निदान चांगला स्टॅबिलायझर, असावा. पाचवा नियम घरातल्या थोरांचा. यंत्र कोणी ऐकायचे आहे? ज्या आजोबांसाठी घ्यायचे त्यांना ते लावता आले पाहिजे. सारेगामा कंपनीने २०१७ साली 'कारवाँ' नावाचा रेडिओसारखा दिसणारा डबा काढला. त्यात ५००० गाणी आधीच भरलेली होती आणि बटण जुन्या रेडिओसारखे फिरवायचे होते. शहरात काय, खेड्यात काय, मुलांनी तो आईवडिलांना भेट म्हणून दिला. सोयीचे मोल लोकांना कळते, हे यावरून दिसते. तथापि त्यातला साठा कंपनीने निवडलेला. आत्याच्या ओव्या तेथे नाहीत. त्यासाठी बाजूला पेन ड्राइव्हची जागा आहे की नाही, हे पाहायचे.

कोणी म्हणेल, आता इंटरनेटवर सगळी गाणी मिळतात. साठ्याची यातायात हवी कशाला? २०१६नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे सुख खेड्यातही आले, हे मान्य. पण ते पुन्हा एका अर्थाने रेडिओच आहे. नेट असेतो आणि देणाऱ्याची मर्जी असेतो गाणे आपले. शिवाय जगाची गाणी तेथे आहेत म्हणून आपल्या गावची असतीलच असे नाही. पोहरादेवीच्या यात्रेतली भजने, तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांची गाणी यांचा विचार करा. गोरमाटी बोलीला स्वतंत्र लिपी नाही. त्या बोलीचे गाणे कागदावर फार थोडे आले आहे. आवाजात असेल तेवढेच आहे. तो आवाज गेला तर 'हरिविजया'सारखी चार पद्येही उरणार नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून थोडे आपल्याकडे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आणि पुढे त्या साऱ्यांना ऐकायला-वाचायला खुल्या झाल्या. एवढे मोठे काम प्रत्येकाला जमणार नाही. पण आपल्या शाळेच्या गावातल्या दहा म्हाताऱ्यांचा आवाज जमवणे सहज जमेल. मुलांना मोबाईल द्या आणि एकच शिस्त लावा : गाणे सुरू होण्याआधी गाणारीचे नाव, गावाचे नाव, तारीख आणि गाणे केव्हाचे, हे आवाजातच सांगायचे. आधी त्या बाईंची परवानगी घ्यायची, आणि नंतर एक प्रत त्यांच्याच घरी पोचती करायची.

प्रती तीन असाव्यात. एक रोज वाजवायची. दुसरी कपाटात, वेगळ्या डिस्कवर. तिसरी दुसऱ्या गावी, लेकीकडे, भावाकडे किंवा शाळेत. पेन ड्राइव्ह आणि कार्ड वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तरी त्यातले आकडे पुसट होऊ शकतात. म्हणून वर्षातून एकदा ते लावून ऐकावे, आणि काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावे. दिवस कोणता, हे आपल्या रीतीने अगोदरच ठरवून दिले आहे. खंडेनवमीला आपण नांगर, विळे, तराजू पुसून पुजतो. त्याच दिवशी गाण्याची डिस्कही काढावी, लावावी, आणि घरातल्या सगळ्यांनी एक गाणे ऐकून परत ठेवावी.

तेव्हा दुकानात जाण्याआधी माळ्यावर चढा. कॅसेटी खाली आणा, मोबाईल तपासा, काय आहे ते वहीत लिहा. त्यातले कोणाचे आवाज पुन्हा मिळणार नाहीत, त्यांच्यावर खूण करा. त्यांच्या तीन प्रती झाल्या की मग खुशाल बाजारात जा आणि खिशाला परवडेल तो डबा घेऊन या. डबा आज ना उद्या बदलायचाच आहे. माझ्याकडे उरलेल्या तीस मिनिटांच्या ओव्या आता तीन घरी आहेत. आणि त्यांच्या सुरुवातीला मी माझ्या आवाजात आत्याचे नाव जोडले आहे.